रेती परत पेटीत

१

ओसारुनाइ गावच्या शाळेमागच्या वाटेवर कानेआजी पडलेल्या सापडल्या, तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते, आणि ज्या वाटेवर त्या आडव्या झाल्या होत्या तिच्यावर घसरू नये म्हणून टाकतात त्या रेतीचा एक कण नव्हता. नुसता कडक, गुळगुळीत बर्फ.

मागच्या फाटकाशी पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं आणि पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे काम आजी कुणी न सांगता वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. "पळू नका रे! पेंग्विनसारखं चाला, पेंग्विनसारखं!" हे त्यांचं ओरडणं ऐकत गावाची अख्खी पिढी मोठी झाली. आणि पडायचं कुणी, तर नेमकं त्यांनीच! रुग्णवाहिकेत त्यांच्या शेजारी बसलेल्या साएगुसाबाईंना राहून राहून तेच वाटत होतं.

साएगुसाबाई म्हणजे शाळेच्या आरोग्यखोलीच्या बाई. गुडघा फुटला, ताप आला, गणिताच्या तासाला अचानक पोट दुखायला लागलं, की पोरं त्यांच्याकडे. खरं दुखणं कोणतं आणि नाटक कोणतं हे त्यांना पोरगं दारात उभं राहिल्याबरोबर कळायचं. तोंड फटकळ, पण हात मऊ.

त्या दिवशी शाळेच्या मैदानातल्या बर्फावर शेवटच्या स्केटिंग शर्यती व्हायच्या होत्या. शेवटच्या म्हणजे खरोखरच शेवटच्या, कारण मार्चमध्ये शाळाच बंद होणार होती आणि मुलं खालच्या गावातल्या नव्या शाळेत जाणार होती. शर्यती अर्थातच रद्द झाल्या. बाई सकाळीच दवाखान्यातून परत आल्या होत्या. दुपारी जेवून आरोग्यखोलीत आल्या तर हेडसर मिनावा येरझारा घालत होते, आणि स्टोव्हपाशी शाळेचे शिपाई ओदाजिमाकाका टोपी हातात धरून उभे होते. आजींना बर्फावरून उचलणारे तेच.

"काका, एकदाच विचारतो," हेडसर म्हणाले. "काल संध्याकाळी वाटेवर रेती टाकली होतीत की नाही?"

"नाही टाकली, सर."

"का?"

"विसरलो."

बाईंनी मान वर करून काकांकडे पाहिलं. विसरलो? नोव्हेंबरात पहिला बर्फ धरला की एप्रिल उजाडेपर्यंत एक संध्याकाळ न चुकवणारा हा माणूस! नववर्षाच्या सुट्टीतसुद्धा, शाळेत चिटपाखरू नसताना, वाटेवर रेती टाकणारा माणूस!

"मलाही पटत नव्हतं हो," हेडसर हताश होऊन म्हणाले. "पण पेटी मी स्वतः पाहिली. काठोकाठ भरलेली आहे. रोज टाकून झाली की निम्मी होते, सकाळी माझ्याकडून कोठाराची किल्ली नेतात तेव्हा भरते. आज किल्ली नेलेलीच नाही. मग भरलेली कशी? टाकलीच नाही म्हणून! आता शिक्षण मंडळाला काय सांगू मी? शुक्रवारी ते विचारणार. नव्या शाळेत काकांना घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते आता विसरा. एक म्हातारी बाई कदाचित पुन्हा चालणार नाही, बाई!"

बायको गेल्यापासून काका शाळेच्याच आवारातल्या दोन खोल्यांत राहत होते. शाळा हेच त्यांचं घर, आणि नव्या शाळेची आशा एवढीच काय ती पुढची सोय. वाकून दोघांना नमस्कार करून ते निघून गेले. हेडसरही गेले.

खोली रिकामी झाली असं बाईंना वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेचा पडदा हलला आणि आतून बारीक आवाज आला.

"बाई, काकांना काढून टाकणार?"

२

सहावीतली चिसे. कानेआजींची नात. आई सप्पोरोला नोकरीला, त्यामुळे घरात आजी आणि नात दोघीच. मुलगी म्हणजे बर्फावरचं वारं. तिच्यासारखं स्केटिंग जिल्ह्यात तिच्या वयाचं कुणी करत नव्हतं. सकाळी पोट दुखतंय म्हणून आली आणि झोपली, ती इथेच आहे हे बाई साफ विसरल्या होत्या. ताप नव्हता. आजीचा घोर लागलाय बिचारीला, असं म्हणून बाईंनी तिच्या पोटाशी गरम पाण्याची पिशवी दिली होती.

"कुणी काही काढत नाही," बाई म्हणाल्या. "तू झोप."

मुलगी पांघरुणात शिरली. आजी दवाखान्यात असेपर्यंत तिला शेजारच्या तोकोरोंनी आपल्या घरी ठेवून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर बाईंनी दारातल्या पायरीवर बूट काढले आणि तशाच बसून राहिल्या. पायरीवर करडी रेती सांडली होती. कालची. काल अंधार पडल्यावर त्या शाळेतून मागच्या वाटेनंच घरी आल्या होत्या. दुपारी ऊन पडून सगळं वितळलं होतं, जुनी रेती पाण्याबरोबर गटारात वाहून गेली होती, आणि सूर्य बुडाल्यावर वाट पुन्हा दगडासारखी गोठली होती. त्या गोठलेल्या वाटेवरून बाई अगदी बिनधास्त चालत आल्या होत्या. पायाखाली करकर वाजत होतं. म्हणजे ताजी रेती होती! काकांनी टाकली होती. मग 'विसरलो' कशाला म्हणायचं?

सकाळी शाळेत शिरल्याशिरल्या बाई आधी पेटीपाशी गेल्या. लाल रंगाची लाकडी पेटी, मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली. झाकण उघडलं. काठोकाठ भरलेली, हेडसर म्हणाले तशीच; चौकशीपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. बाईंनी हातमोजा काढला आणि हात आत खुपसला.

खालची रेती कोरडी ठाक. शरद ऋतूत उन्हात वाळवून भरतात तशी, बोटांतून सुळकन निसटणारी. वरची मात्र तशी नव्हती. वरची ढेकळं झाली होती. एक ढेकूळ बाईंनी फोडलं तर आत बर्फाचा चुरा निघाला, आणि त्यात अडकलेले लाल लोकरीचे धागे. लाल लोकर शाळेत एकाच जागी होती. मैदानाकडच्या लाकडी झोपडीत, जिथे बसून मुलं स्केट चढवतात, तिथल्या जाजमात. ते जाजम झाडायचा एक झाडू तिथेच खुंटीला असायचा.

रात्री बर्फ पडला नव्हता. वारा नव्हता. रेती आपल्या पायांनी पेटीत चालत गेली नव्हती. कुणीतरी झोपडीतला झाडू घेऊन सगळी वाट झाडली होती, आणि झाडलेली रेती गोळा करून, शिस्तीत, परत पेटीत भरून ठेवली होती.

असा वेडेपणा कोण करेल?

गावातलं कुठलंही शेंबडं पोर सांगू शकलं असतं. रेती नको असलेला माणूस ओसारुनाइत एकच होता.

३

"रेती म्हणजे माझ्या बर्फाची वैरीण!"

तोकोरो गोठ्यात होते. गाईंच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि तोकोरोंच्याही. मुलांसाठी मैदानावर पाणी ओतून बर्फ धरवणाऱ्या बापांचे ते म्होरके. हिवाळाभर रात्री जागायच्या, थर पातळ ओतायचा, गोठू द्यायचा, पुन्हा ओतायचा. बर्फ आरशासारखा सपाट हवा, ही त्यांची हौस.

"पण परवा तुम्ही ओदाजिमाकाकांशी भांडलात ते त्याच्यावरूनच ना?" बाईंनी विचारलं.

"भांडलो! पुन्हा भांडेन! पोरांच्या बुटांना ती रेती चिकटते, झोपडीत येते, तिथून बर्फावर येते. पात्याखाली एक खडा आला की पात्याच्या धारेला दात पडतो. परवा चिसेच्या पात्याला पडला. शर्यतीच्या आदल्या दिवशी! पोरगी रडत घरी गेली. मी काकांना म्हटलं, उद्याचा दिवस तरी रेती टाकू नका. तर म्हणतात, पोरं पडतील. अहो पडतील तर उठतील! आम्ही नाही पडलो?"

"आजी नाही उठल्या, तोकोरोसान."

तोकोरोंनी फावडं भिंतीला टेकवलं.

"माहितीये मला. दोन दिवस तेच डोक्यात आहे. पण मी नाही झाडली. आम्ही पाणी ओतून निघालो तेव्हा वाटेवर रेती होती, माझ्याच बुटाखाली वाजली. शिव्या घातल्या मनातल्या मनात, पण हात नाही लावला. आणि बाई, मी असतो तर छाती ठोकून सांगितलं असतं. शिवाय झाडलेली रेती परत त्यांच्या पेटीत? मी? फावड्यानं उडवून ओढ्यात नसती टाकली?"

हे खरं होतं. तोकोरोंनी जन्मात एखादी वस्तू जागच्या जागी ठेवली असेल तर ती गाय. त्यांच्या अंगणातच ट्रॅक्टरचे भाग बर्फातून डोकी वर काढून पडले होते.

"चिसे कशी आहे?" बाईंनी निघताना विचारलं.

"काय सांगू? जेवत नाही. बायकोनं कालवण तिच्या आवडीचं केलं, सामन मासा घालून. वाटी तशीच. आजीला भेटायला नेतो म्हटलं तर पोट दुखतंय म्हणते. स्केटचं नाव काढलं की उठून जाते."

बाईंनी मान हलवली. तोकोरो निर्दोष म्हणजे पुढे वाट बंद. आता एकच माणूस उरलं होतं, ज्याला विचारायचं धाडस बाईंना होत नव्हतं. पडलेलं माणूस.

४

दवाखान्यात कानेआजी उशीला टेकून पडल्या होत्या. चेहरा अगदी एवढासा झाला होता.

"आजी, काका म्हणतात, रेती टाकायला विसरलो. त्यांची नोकरी जाणार."

आजींनी डोळे मिटले. मग उघडले. "वेडा आहे ओदाजिमा. त्यानं टाकली होती. मी झाडली."

"तुम्ही?"

"मीच. चिसेच्या पात्याला दात पडला. रात्रभर मुसमुसत होती पोर. शाळेची शेवटची शर्यत, पुन्हा कधी व्हायची नाही. म्हटलं, एक सकाळ रेती नसली तर काय आभाळ कोसळतंय? पहाटे गेले, झाडली, पेटीत भरली. आणि परत येताना माझीच मी पडले. चांगली शिक्षा झाली. जा, सांगा हेडसरांना. पण चिसेला नका सांगू. तिच्या शर्यतीपायी आजी पडली हे तिच्या मनाला लागेल."

पोरांना पेंग्विनसारखं चालवणारी ही बाई, नातीसाठी एकदाच चुकली! सगळं जुळत होतं. काकांनी आजींना त्या वाटेवर पडलेलं पाहिलं, काय झालं असेल ते ओळखलं आणि म्हातारीची लाज झाकायला दोष आपल्या डोक्यावर घेतला. झालं. उत्तर सापडलं.

बाई उठल्या. तेवढ्यात तिथली नर्स आजींच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली. "हे घरी न्याल का? त्या दिवशी अंगावर होते ते."

बाईंनी पिशवीत डोकावलं. वर जाडा कोट. कोटाखाली झोपायचा पायजमा. आणि तळाशी रबरी बूट, बाप्याचे, आजींचे दोन्ही पाय एका बुटात मावतील एवढे. आजींच्या यजमानांचे होते ते, यजमान वारल्यावरही दाराशीच ठेवलेले. आजींचे स्वतःचे खिळे मारलेले बूट कुठे होते? ते घातल्याशिवाय आजी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

ठरवून वाट झाडायला निघालेली बाई पायजम्यावर, नवऱ्याचे बूट अडकवून जाते? असं तर घरातून कुणी धावत सुटतं तेव्हा जातं.

"आजी, जरा वर सरकवते हं तुम्हाला," नर्स म्हणत होती. "उजवा हात माझ्या खांद्यावर टाका."

"उजवा नाही गं," आजी कण्हल्या. "तो वर जातच नाही. मेला खांदा."

आणि बाईंना आठवलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः त्या खांद्यावर औषधाची पट्टी लावली होती. आजींना हात बाहीतून काढता येत नव्हता. झेंडासुद्धा महिनाभर त्या डाव्या हातात धरत होत्या. अख्खी वाट झाडायची, सुपलीनं रेती उचलायची, पेटीत भरायची? आजींना केसांत फणी घालता येत नव्हती!

एकाच गोष्टीचे दोन गुन्हेगार, आणि दोघंही खोटं बोलत होते.

५

ओदाजिमाकाका आपल्या खोलीत एका स्केटचं पातं दगडावर घासत बसले होते. गावातल्या सगळ्या पोरांची पाती तेच करून द्यायचे. बाई न विचारताच आत शिरल्या आणि समोर बसल्या.

"काका, मी बोलते, तुम्ही ऐका. तुम्ही म्हणता रेती टाकलीच नाही. आजी म्हणतात रेती होती, त्यांनी झाडली. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. रेती होती, माझ्या बुटांना लागली होती. आजींचा खांदा धड नाही, त्यांनी झाडलेली नाही. म्हणजे दोघंही खोटं बोलताय, आणि एकमेकांना न विचारता बोलताय, म्हणून ते जुळत नाही. का बोलताय? कुणासाठी?"

काका पातं घासत राहिले.

"रेती परत पेटीत भरली, हे मला कळत नव्हतं. तोकोरोंनी ओढ्यात फेकली असती. मोठ्या माणसानं बाजूच्या बर्फात लोटली असती आणि मोकळा झाला असता. झाडलेलं गोळा करायचं, जिथलं तिथे ठेवायचं, झाडू परत खुंटीला लावायचा, हे या शाळेत रोज दुपारी वर्ग झाडताना कोण करतं? पोरांनाच ना शिकवतो आपण?"

"बाई..."

"आजींनी पहाटे उठून पाहिलं, शेजारचं अंथरूण रिकामं. हातात येतील ते बूट घालून धावल्या. काका, तुम्ही त्यांचा आवाज ऐकून बाहेर आलात ना? मग मला एवढंच सांगा. आजी काय ओरडल्या?"

पातं थांबलं. काकांनी ते मांडीवर ठेवलं. पात्यावर एका जागी दात पडलेला होता, अजून निघाला नव्हता.

"'चिसे'," ते म्हणाले. "दोनदा. 'चिसे, चिसे.' झोपेत मला आधी भासच वाटला. बऱ्याच वेळानं बाहेर आलो तर वाट साफ आणि आजी पडलेल्या. मला काय समजायचं ते समजलं. बाई, बारा वर्षांची पोर आहे हो. तिच्या हातून आजीचं हाड मोडलं हे गावभर झालं तर ती जन्मभर कशी उभी राहील? माझं काय, मी म्हातारा. कुठेही बर्फ उपसेन."

"आणि ती कुठे जाईल?" बाईंचा आवाज चढला. "रोज पोट धरून माझ्याकडे येते. तुमची नोकरी जातेय हे तिनं पडद्यामागून ऐकलंय. तुम्ही एक खोटं बोललात, आजी दुसरं बोलल्या, आणि तिला चूक कबूल करायलासुद्धा जागा ठेवली नाहीत. आणि मी? मी पोटाला गरम पिशवी देऊन झोप म्हणाले. मी, जिला दारातूनच कळतं म्हणे!"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६

चिसेला काही विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खाटेवर आडवी झाली तेव्हा बाईंनी पडदा ओढला नाही, पिशवी दिली नाही. नुसत्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "रेती पेटीत अगदी नीट भरली होतीस गं."

मुलगी पांढरी पडली. मग उठून बसली.

"शर्यत झाली की काका परत टाकतील म्हणून," ती म्हणाली. "वाया नको जायला म्हणून. एकच सकाळ, बाई. मी पडले नव्हते. मला वाटलं, मी नाही पडले तर कुणीच नाही पडणार."

"हं."

"पण ते नाही." तिचा श्वास अडकायला लागला. "ते नाही, बाई. मी मैदानाच्या पलीकडून घरी निघाले होते. तेव्हा आजीनं हाक मारली. मला ऐकू आली. मला वाटलं, तिला कळलं, आता रागावणार. मी पळाले."

बुटांचं, खांद्याचं, रेतीचं, सगळ्याचं उत्तर त्यांनी काढलं होतं आणि एवढी हुशारी करून हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी मुलीला जवळ ओढलं तर ती लाकडासारखी ताठ होती, रडतसुद्धा नव्हती.

"हेडसरांना सांगायचं का?" जरा वेळानं बाईंनी विचारलं.

"हो."

ती आपल्या पायांनी गेली आणि आपल्या तोंडानं बोलली. हेडसरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि मंडळाला फोन लावला. काकांवरचा ठपका पुसला गेला. पण नव्या शाळेतली जागा मंडळानं तोवर दुसऱ्याला देऊन टाकली होती, आणि दिलेला शब्द मागे घेता येत नाही म्हणे. काकांना गावच्या वाचनालयाच्या दारातला बर्फ उपसायचं काम मिळालं. चिसे त्यांच्यासमोर वाकून उभी राहिली तेव्हा काका तिला रागवायला गेले, कारण बाईंनी बजावलं होतं, रागवा, तिला त्याची गरज आहे. "अक्कल आहे का तुला?" एवढं म्हणाले आणि पुढे त्यांना बोलताच येईना.

तोकोरोंनी ऐकलं त्याच दुपारी ते गोठ्यातल्या जुन्या रबरी चटया ट्रॅक्टरवर टाकून घेऊन आले. फाटकापासून झोपडीपर्यंत अंथरल्या. पाय घसरत नव्हता आणि रेतीही लागत नव्हती.

"इतकं सोपं होतं," ते चटईवर उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चार वर्षं भांडतोय आम्ही काका आणि मी. एकदा बसून बोललो असतो तर! माझ्याच गोठ्यात पडल्या होत्या हो या चटया."

कानेआजी पुन्हा फाटकाशी उभ्या राहणार नाहीत, हे डॉक्टरांनी तोवर सांगितलं होतं.

रविवारी बाई चिसेला दवाखान्यात घेऊन गेल्या. खोलीच्या दारात आल्यावर मुलीनं बाईंचा हात सोडला आणि एकटी आत गेली. बाई दारातच थांबल्या.

"आलीस!" आजींचा चेहरा फुलला. "पोट बरं आहे का गं? तोकोरोबाई जेवायला घालते ना नीट?"

"आजी, मी झाडली वाट."

"कोण म्हणतं? मी झाडली. मी सांगितलंय सगळ्यांना."

"आजी, मी सांगितलं हेडसरांना. सगळ्यांना माहितीये."

आजींनी दारातल्या बाईंकडे पाहिलं, रागानंच पाहिलं. बाईंनी नजर खाली केली नाही.

"असू दे," आजी शेवटी म्हणाल्या. "झाडलीस तर झाडलीस. पोरं चुकतात. तुला काय माहीत मी मागून येईन ते."

"माहीत होतं. तू हाक मारलीस."

"छे! मी कुठली हाक मारते? पडले तीच शुद्ध हरपली माझी. हाक मारलीच नाही मी."

"मारलीस. दोनदा."

"तुला भास झाला असेल, बाळा. वारा होता."

"वारा नव्हता, आजी."

बाईंना वाटलं, आत जावं, काहीतरी बोलून दोघींना सोडवावं. पण त्या हलल्या नाहीत. आजी छताकडे बघत होत्या. खोटं बोलायला आता त्यांच्यापाशी काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मारली होती. तू लांबून पळताना दिसत होतीस मला. मला वाटलं, वळेल. फार थंडी होती गं, चिसे. तू यायला हवं होतंस."

"हो," चिसे म्हणाली.

आणि मग ती आजीच्या पांघरुणात तोंड खुपसून इतक्या मोठ्यानं रडायला लागली की पलीकडच्या खोलीतली नर्स धावत आली. बाईंनी तिला दारातच अडवलं आणि म्हणाल्या, काही नाही, रडू द्या तिला.